शक्तीनुसार तप आणि हृदयातले मॅग्नेशियम

तप शक्तीनुसार करावे, असे जैन शास्त्र सांगते. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात तीर्थंकरपदाकडे नेणाऱ्या सोळा भावना आल्या आहेत. शक्तीनुसार त्याग आणि शक्तीनुसार तप या त्यांतल्याच दोन. पण ही शक्ती ठरवायची कोणी आणि कशावरून?

नागपूरच्या इतवारीत, परवारपुऱ्याच्या बाजूला, दिगंबर जैनांची जुनी वस्ती आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत दशलक्षण पर्व चालते. कोणी रोज एकाशन, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण, करतो, कोणी एक दिवसाआड उपवास, तर कोणी दहाही दिवस अन्नाला शिवत नाही. किराणा ओळीत गादीवर बसणारा, हृदय कमजोर झालेला, रोज लघवीची गोळी घेणारा साठीतला दुकानदार असा नियम घेतो, तेव्हा प्रश्न पोथीतला राहत नाही; तो शरीरातल्या मॅग्नेशियमचाही होतो.

प्रौढ शरीरात सुमारे 25 ग्रॅम मॅग्नेशियम असते. निम्म्याहून जास्त हाडांत, उरलेले बहुतेक स्नायूंत आणि इतर पेशींत. रक्तद्रवात एक टक्काही नाही. हृदयाच्या पेशींना बळ देणारे एटीपी मॅग्नेशियमशी जोडले गेल्यावरच कामाला येते, आणि पेशीत पोटॅशियम राखणारा पंपही त्याच्याच आधाराने चालतो. ते घटले की ठोके चुकू लागतात, कधी जिवावर बेतेल इतके. हृदय निकामी होऊ लागलेल्या रुग्णाची सूज फ्युरोसेमाइडसारख्या लघवीच्या गोळीने उतरते खरी, पण त्या पाण्याबरोबर मॅग्नेशियम आणि पोटॅशियमही वाहून जाते. म्हणजे उपवासाला बसण्याआधीच त्याची शिल्लक घटलेली असू शकते. त्याला ते जाणवत नाही. रक्ताच्या तपासणीतला आकडाही पुष्कळदा ठीकच निघतो.

इथे निश्चयाची दोरी तुटते. मन खंबीर आहे म्हणून शक्ती आहे, हे अनुमान हृदयाला लागू पडत नाही. देह परका, आत्मा आपला, मग देहाचा हिशेब कशाला, असे म्हणणारे आहेत. पण त्याच सूत्रग्रंथाच्या सातव्या अध्यायात हिंसेच्या व्याख्येचे मूळ प्रमादात, म्हणजे बेफिकिरीत, धरले आहे. आपला आजार ठाऊक असून तो नजरेआड करणे ही बेफिकिरी नाही, असे सिद्ध करणे अवघड आहे. देहाचा हिशेब ठेवावा, हा पक्ष अधिक वजनदार वाटतो तो यामुळेच.

सल्लेखनेची, म्हणजे मरणापर्यंतच्या अन्नत्यागाची, गोष्ट वेगळी. समंतभद्राच्या रत्नकरंड श्रावकाचारात तिचे प्रसंग सांगितले आहेत: टाळता न येणारे संकट, दुष्काळ, वार्धक्य, असाध्य रोग. तिथे परत जेवायचेच नसते. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2015 मध्ये तिला आत्महत्येच्या रांगेत बसवले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. दशलक्षणातल्या उपवासाला मात्र पारणे आहे, आणि लांब उपवासानंतर एक मोठा धोका पारण्यातच असतो. पोटात अचानक गोडधोड गेले की इन्सुलिन वाढते आणि रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते. हृदयाची लय बिघडते ती अशा वेळी. मुगाच्या पाण्यासारख्या हलक्या पदार्थाने, थोडे थोडे घेत पारणे करण्याची रीत या दृष्टीने शहाणपणाची आहे.

औषधाच्या गोळीने नियम मोडतो का, हा वाद खाद्य, स्वाद्य, लेह्य आणि पेय या चतुर्विध आहाराच्या त्यागाशी जोडलेला आहे. तो मुनी आणि श्रावक आपापल्या परंपरेने सोडवतात. मॅग्नेशियमची गोळी घेऊन उपवास रेटणे हा मात्र उपाय नव्हे. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियम रक्तात साचते. हृदयविकाराच्या झटक्यात शिरेतून मॅग्नेशियम देऊन पाहिलेल्या, 58 हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीतही 1995 साली फायदा दिसला नव्हता. औषध चालू ठेवायचे की बदलायचे, हे नियम घेण्याआधी डॉक्टरांशी बोलून ठरते.

बाह्य तपे सहा आहेत. अनशन त्यांतले एक. पोटापेक्षा कमी खाणे हे अवमौदर्य आणि तूप, दूध, गोड असे रस सोडणे हा रसपरित्याग, ही दोन्हीही त्याच यादीतली पूर्ण तपे आहेत, आणि लघवीची गोळी चालू असलेल्या माणसालाही डॉक्टरांच्या सल्ल्याने ती बहुधा करता येतात.