जे आधी घडेल ते

बँकेत वीस वर्षं काढली की माणूस कागदावरचे शब्द चवीने वाचू लागतो. 'सदरहू' आहे, 'उपरोक्त' आहे, 'मूळ प्रतीबरहुकूम' आहे. पण या सगळ्यांत माझा लाडका शब्दप्रयोग म्हणजे 'यांपैकी जे आधी घडेल ते'. कराराच्या शेवटच्या ओळीत तो दबा धरून बसलेला असतो. मोटारगाडीबरोबर जी पुस्तिका मिळते (आणि जी आपल्याकडे प्लॅस्टिकच्या पिशवीतून सहसा बाहेर येत नाही) तिच्यातही तो आहे. इंजिन ऑइल केव्हा बदलावं? बहुतेक गाड्यांच्या पुस्तिका सांगतात : दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी घडेल ते.

दहा हजार किलोमीटरचं एक वेळ पटतं. गाडी चालली, ऑइल दमलं, बदललं. व्यवहार चोख. पण एक वर्ष? गाडी जागची हलली नाही तरी? म्हणजे न जेवता बिल भरायचं?

हा प्रश्न ऑइलचा नाही, नीतीचा आहे, असं आमच्या सोसायटीतल्या तात्यांचं म्हणणं. तात्यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर 2019 साली गाडी घेतली. काकूंना वाईला न्यायचं, ढोल्या गणपतीचं दर्शन, कृष्णेचा घाट, मग पुढे कोकण, असा बेत होता. आजवर गाडी 4,100 किलोमीटर चालली आहे. मंडई दीड किलोमीटर, दवाखाना दोन, पेन्शनीसाठी आमची शाखा अडीच. बाकीचा वेळ ती राखाडी कव्हराखाली असते. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि सगळ्यांच्याच बॅटऱ्या माना टाकू लागल्या, तेव्हापासून तात्यांनी एक नेम धरला : दर रविवारी सकाळी कव्हर काढायचं, गाडी उभ्या उभ्या पाच मिनिटं चालू ठेवायची, बंद करायची, कव्हर घालायचं. टाळेबंदी उठली, नेम उरला.

"अरे, नवीच आहे ती," तात्या मला सांगतात. "जी वस्तू वापरलीच नाही ती जुनी कशी होईल?"

मी पडलो वाणिज्य शाखेचा. आम्हांला पहिल्याच वर्षी घसारा शिकवतात. मालमत्तेची किंमत वापराने घटते, तशीच नुसत्या कालौघानेही घटते, हे पाठ करून आम्ही पाच मार्क मिळवले आहेत. ऱ्हासमान शेष पद्धतीत तर ती दर वर्षी घटत जाते आणि शून्याला मात्र कधीच पोचत नाही. मध्यमवर्गीय माणसाच्या उमेदीसारखीच! पण घसारा हा वहीतला. ऑइलला आत प्रत्यक्षात काय होतं, हे मला गॅरेजमधल्या मिस्त्रींनी सांगितलं.

ते ऐकून मी थक्क झालो. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळजवळ लिटरभर पाणीच तयार होतं! बरंचसं वाफ होऊन धुराड्यातून जातं, पण थोडं पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. थंड इंजिनात तर थोडं न जळलेलं पेट्रोलही सोबतीला येतं. गाडी लांबवर पळाली तर ऑइल चांगलं कढतं आणि ही पाहुणेमंडळी उडून जातात. दीड किलोमीटरवरच्या मंडईला जाऊन आलं तर ती तिथंच मुक्काम ठोकतात. पुढे पाण्यात आम्लं मुरतात. त्यांचा बंदोबस्त करायला ऑइलमध्ये आधीच काही द्रव्यं घातलेली असतात, पण ती एकदा आम्लाशी भिडली की संपली. त्यांचाही शेष ऱ्हासमान.

"मग तात्यांचा रविवारचा नेम?" मी विचारलं.

"बॅटरीलासुद्धा फारसा उपयोग नाही, आणि ऑइलचं नुकसान," मिस्त्री म्हणाले. "काटा मधे आला म्हणजे पाणी तापलं साहेब, ऑइल नाही. ते मागून तापतं. पाच मिनिटांत बंद केली म्हणजे पाणी आत घातलं आणि झाकण लावलं. त्यापेक्षा उभी राहू दे."

इथे माझ्यातला बँकवाला जागा झाला. आमच्याकडे बचत खात्यात खातेदाराने दोन वर्षांहून जास्त काळ काहीच उलाढाल केली नाही तर खातं निष्क्रिय होतं. बँकेने जमा केलेलं व्याज उलाढाल म्हणून धरत नाहीत. खातेदाराने स्वतः हातपाय हलवावे लागतात. दहा वर्षं तसंच राहिलं तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, मात्र मागाहूनही ते मागता येतात. म्हणजे पैसा रुसतो, पण थांबतो. आणि तो रुसू नये म्हणून मधूनमधून शंभर रुपये भरले तरी चालतात. इंजिन मात्र शंभर रुपयांच्या भरण्याला फसत नाही. उलट असला भरणा ते तुमच्या खात्यावर नावे टाकतं! (हजेरीपत्रकावर सही करून चहाला जाणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी हे वाचू नये.)

तरी तात्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. सीलबंद डब्यातलं ऑइल काही वर्षं चांगलं राहतं. महिन्यातून एकदाच का होईना, पण शंभर-दीडशे किलोमीटर जाणाऱ्या गाडीचं ऑइल रोज मंडईला जाणाऱ्या गाडीपेक्षा सुखात असतं. आणि वर्षाची मुदत घालताना कंपनीने सगळ्यांत आळशी गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवलं असणार, हेही खरं. पण तात्या हा मुद्दा मांडतच नाहीत. ते पट्टी बाहेर काढून दाखवतात. "बघ, मधासारखं आहे!" आता रंगावरून ऑइलची परीक्षा होत नाही. ते काळं पडतं ते बहुधा इंजिनातली घाण स्वतःच्या अंगावर घेतल्यामुळे, आणि तेच त्याचं काम. गोऱ्यागोमट्या ऑइलने काय केलं, हे विचारायला हवं.

आमच्या पिढीला, आणि तात्यांच्या तर फारच, 'जपून ठेवणं' हा सद्गुण म्हणून शिकवला गेला. त्यामुळे न वापरणं आणि जपणं यांत फरक असेल, ही शंकाच आली नाही. काही वस्तू खरोखर थांबतात. पितळेचं घंगाळ थांबतं, सोनं थांबतं. पैठणी थांबत नाही. घडीवर चिरते. म्हणून काकू दर दिवाळीला ती काढून उलटी घडी घालतात. हे त्यांना कुणी पुस्तिकेत लिहून दिलेलं नाही. अवघड प्रश्न तो हा, की आपण ज्यांच्यासाठी वस्तू राखून ठेवतो ती माणसं कुठल्या यादीतली? घंगाळाच्या की पैठणीच्या? आणि त्यांना न विचारता ते ठरवायचा अधिकार राखणाऱ्याला कुणी दिला? तात्या मनाने वाईट नाहीत. पेट्रोल वाचतं ते काकूंच्याच औषधांना लागतं, असा त्यांचा हिशोब आहे आणि तो खोटा नाही. फक्त त्या हिशोबात किलोमीटर आहेत, महिने नाहीत.

गेल्या महिन्यात मिस्त्री सोसायटीत आले होते, दुसऱ्याच कुणाच्या गाडीसाठी. मी त्यांना तात्यांच्या गाडीशी नेलं. त्यांनी ऑइल भरायचं झाकण फिरवून उघडलं आणि आतली बाजू तात्यांपुढे धरली. पिवळट पांढरा, दाट थर.

"हे काय?" तात्या म्हणाले.

"साय," मिस्त्री म्हणाले. "पाणी आणि ऑइल घुसळून झालेली. ऑइल बदला, आणि आठवड्याला अर्धा-पाऊण तास हायवेला न्या."

तात्या बराच वेळ झाकणाकडे बघत राहिले. मग जिन्यापाशी उभ्या असलेल्या काकूंना म्हणाले, "अगं, वाईला जाऊ या का रविवारी?"

काकूंनी कठड्याचा हात सोडला नाही. "जाऊ की," त्या म्हणाल्या. "पण घाटाच्या पायऱ्या आता मला उतरवायच्या नाहीत हो. तुम्ही खाली जाऊन या, मी गाडीत बसेन."

तात्यांनी मिस्त्रींना विचारलं, "ऑइल किती लागेल?"

"तीन-साडेतीन लिटर," मिस्त्री म्हणाले.