न दिसणाऱ्याची सेवा

देवळाली कॅम्पात लॅम रोडवरच्या एखाद्या किराणा दुकानात साउंडबॉक्स पैसे जमा झाल्याचे सांगतो, तोवर साखरेची पुडी बांधून झालेली असते. उधारीची लाल वही जाऊन खाती आता मोबाइलवर आली आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत क्लाउड केंद्रे सुरू केली, तेव्हापासून असे हिशेब महाराष्ट्रातल्याच सर्व्हरवर ठेवता येतात.

दुकानापासून सर्व्हरपर्यंतची ही वाट सांभाळणाऱ्या नेटवर्क अभियंत्याला तो दुकानदार कधीच दिसत नाही. मग या कामाला सेवा म्हणावे का?

स्वकर्मानेच ईश्वराची पूजा घडते, असे गीतेचा अठरावा अध्याय सांगतो. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये नेवाशात ते मराठीत आणले. अरणच्या सावता माळ्यांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला. पण पाणी दिलेले रोप त्यांच्या डोळ्यांसमोर वाढत होते. अभियंत्याच्या वाट्याला तेही नाही. काम चोख झाले, तर कुणाला कळतही नाही.

पगार घेतल्याने यातली सेवा उणावत नाही. बेफिकिरीने मात्र नक्की उणावते. मध्यरात्री राउटरच्या सेटिंगमधली एक ओळ चुकली, तर सकाळी गिऱ्हाईक खोळंबते. पावसाळ्यात लाइन तुटणार हे धरून, बिल आधी मोबाइलमध्येच साठवायचे आणि जोडणी आली की सर्व्हरवर पाठवायचे, अशी सोय करता येते. दुकानदार पुढची पुडी बांधायला मोकळा राहतो.