खडसावूनही अर्जुन उठला नाही



आज गीतेचा पहिला अध्याय. अर्जुन स्वतःची लक्षणं सांगतोय: अंग थरथरतंय, तोंड कोरडं पडलंय, हातातून गांडीव गळतंय. तो बोलत असताना कृष्ण मध्ये एक शब्द काढत नाही. दुसऱ्या अध्यायात मात्र खडसावतो, 'दुबळेपणा सोड, ऊठ.' आणि अर्जुन उठत नाही! शरण येतो, पण 'लढणार नाही' म्हणून गप्प होतो. साक्षात भगवंताचं 'खंबीर हो'सुद्धा तिथे पुरलं नाही. पण कृष्ण रथ सोडून गेला नाही; पुढे अठराव्या अध्यायापर्यंत बोलत राहिला.

आपल्या सत्संगात कुणी डिप्रेशनचं नाव काढलं की 'जप वाढव' हे उत्तर तयार. (आम्हा आयटीवाल्यांचं 'रीस्टार्ट करून बघ' तसंच!) जप हवाच. पण या उत्तरात छुपा आरोप असतो: तुझी भक्ती कमी पडली.

कॅल्गरीतले संख्याशास्त्राचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी १९९७मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. तिथल्या स्वमदत गटात रुग्णांच्या घरची माणसं एकत्र बसतात. उपचार डॉक्टरांचेच. गटात घरातली गोष्ट लपवावी लागत नाही, इतकंच. मला तर हाही सत्संगच वाटतो.

आपल्या रविवारच्या मंडळात आरतीनंतर अर्धा तास असं नुसतं ऐकायला बसता येईल का? बसलोच, तर 'गोळ्या सोड, नाम घे' कुणी म्हणायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगणार आहे.