नावाची वहिवाट

मराठी पुस्तकांच्या कपाटात दोन शिरीष सहज शेजारी येतात. शिरीष पै (१९२९–२०१७) या आचार्य अत्र्यांच्या कन्या. हायकू हा जपानी काव्यप्रकार मराठीत रुजला, तो मुख्यतः त्यांच्यामुळे. शिरीष कणेकर (१९४३–२०२३) क्रिकेट आणि हिंदी सिनेमा यांवर मिश्कील, तिखट लिहिणारे. दोघांना ओळखणाऱ्या वाचकाचा कधी घोटाळा झाला नाही. तरीही पै सोडल्या, तर शिरीष नावाची दुसरी बाई चटकन आठवत नाही. पुरुष मात्र हवे तेवढे आठवतात. एकाच नावाच्या वाट्याला ही अशी विषम लोकप्रियता का यावी?

सुरुवात झाडापासून करू. शिरीष हा आपल्याकडचा जुना, मोठा होणारा वृक्ष. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याला फुलं येतात. त्यांत पाकळ्या नावापुरत्या, सगळा डौल रेशमी पुंकेसरांच्या झुबक्याचा, आणि वास गोड. फुलं सरली की चपट्या शेंगा लागतात. त्या वाळून झाडावरच राहतात आणि वाऱ्याबरोबर अखंड खुळखुळतात. इंग्रजीत या झाडाला ‘सिरिस’ म्हणतात, तो आपलाच शब्द. शेंगांच्या खुळखुळाटावरून दिलेलं त्याचं दुसरं इंग्रजी नाव मात्र ‘बाईची जीभ’ या अर्थाचं आहे. कुठल्या तरी साहेबाला झाडाखाली उभं राहून बायकांची बडबड ऐकू आली असावी.

त्याच झाडाखाली कालिदासाला दुसरंच काही दिसलं. मेघदूतातल्या अलकानगरीच्या स्त्रिया कानावर शिरीषाचं फूल खोवतात. शाकुंतलाच्या सुरुवातीला नटी ग्रीष्माचं गाणं म्हणते, त्यातही हेच फूल आहे. कुमारसंभवात पार्वतीचे बाहू शिरीषाच्या फुलाहून सुकुमार ठरतात. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे आहे: नाजूक फूल, नाजूक स्त्री. पण रघुवंशाच्या अठराव्या सर्गात सुदर्शन नावाचा जेमतेम सहा वर्षांचा राजा येतो. अंगावरच्या दागिन्यांनीही शिणेल असा तो कोवळा आहे, तरी पृथ्वीचा भार पेलतो. त्याचं वर्णन करताना कालिदास पार्वतीच्या बाहूंसाठी वापरलेली उपमा जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा वापरतो. शिरीषाची सुकुमारता मुलीची की मुलाची, हा प्रश्न त्याला पडलेला नाही.

म्हणजे नावाचं लिंग अर्थावरून ठरत नाही. फुलाचं नाव मुलीचं, असं आपण सहज म्हणतो. पण पंकज, अरविंद, राजीव ही सगळी कमळंच आहेत आणि ती सगळी मुलांची नावं आहेत. त्याच कमळाच्या नलिनी आणि पद्मा मुली झाल्या. मग शेवटच्या अक्षरावरून ठरत असेल? आकारान्त-ईकारान्त ती मुलगी, अकारान्त तो मुलगा? तसंही नाही. आपल्या आज्या-मावश्यांची कमल, सुमन, कुसुम ही नावं अकारान्तच आहेत. कमल देसाई म्हटलं की मराठी वाचकाला लेखिका आठवते, कमल हासन म्हटलं की तमिळ नट. सुमन कल्याणपूर आपल्या गायिका, तर बंगालमध्ये सुमन हा गायक आहे. शब्द तोच, अर्थ तोच, शेवटचं अक्षरही तेच. बदलला तो फक्त गाव.

जमिनीच्या व्यवहारात आपल्याकडे एक चोख शब्द आहे, वहिवाट. शेतातून कुणी वर्षानुवर्षं ये-जा केली की तिथे रस्ता पडतो आणि पुढे तोच हक्क होतो. नावांचंही असंच आहे. ज्या नावावरून चार पिढ्या मुलगेच चालत आले, तिथे पाचव्या पिढीतली मुलगी पाय ठेवताना लोक हटकतात, आणि उलटही. शब्दकोशाला त्यात काही म्हणायचं नसतं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी पांढरपेशा घरांत वहिवाटी नसलेली बरीच रानं मोकळी झाली. त्याआधी मुलाला देवाचं किंवा आजोबांचं नाव मिळे, मुलीला देवीचं किंवा नदीचं. मुलीचं नाव तर मुक्कामापुरतंच. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव रेखलं की माहेरचं नाव संपलं. मग काव्यातले, निसर्गातले शब्द नावं म्हणून आले: किरण, सुहास, शिरीष. या शब्दांवर अजून कुणाचाच हक्क नव्हता, म्हणून ते दोघांनाही मिळाले. सुहास जोशी अभिनेत्री आहेत, सुहास शिरवळकर कादंबरीकार होते. किरण मोरे यष्टिरक्षक, किरण बेदी पोलीस अधिकारी, किरण नगरकर कादंबरीकार. अत्र्यांनी १९२९ साली जन्मलेल्या मुलीला शिरीष म्हटलं, ते याच मोकळ्या काळात. लग्नानंतर आडनाव पै झालं, पण पुस्तकांवर शिरीष कायम राहिलं. एकीने ते आयुष्यभर वापरलं, म्हणून निदान ती पायवाट तरी उरली.

पुढे किरण हे नाव दोघांत राहिलं, शिरीष मात्र जवळजवळ पूर्णपणे मुलांकडे गेलं. असं का होतं, याचा चांगला अभ्यास अमेरिकेत झाला आहे, कारण तिथल्या सोशल सिक्युरिटी खात्याकडे १८८० पासूनच्या जन्मांची नाववार, लिंगवार यादी आहे. समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लिबरसन यांनी सहकाऱ्यांबरोबर २००० साली दोघांना चालणाऱ्या नावांवर निबंध लिहिला. अशी नावं थोडीच असतात आणि ती स्थिर राहत नाहीत, हे त्यांनी दाखवलं. एखाद्या नावात मुली वाढू लागल्या की मुलांचे आईबाप ते सोडतात. ते सोडतात म्हणून ते आणखी मुलींचं होतं. ‘गॉन विथ द विंड’ या १९३६ सालच्या कादंबरीत ॲश्ली हा उमदा पुरुष आहे. १९९१ आणि १९९२ मध्ये ॲश्ली हे अमेरिकेतलं मुलींचं पहिल्या क्रमांकाचं नाव होतं. इंग्लंडमध्ये एव्हलिन वॉ या कादंबरीकाराची पहिली बायकोही एव्हलिनच. मित्रमंडळी त्यांना ‘तो-एव्हलिन’ आणि ‘ती-एव्हलिन’ म्हणत. आज तिकडे एव्हलिन म्हटलं की बाईच डोळ्यांपुढे येते.

या सरकण्याला एक ठरलेली दिशा आहे. मुलांचं नाव मुलींकडे जातं, मुलींचं मुलांकडे क्वचितच येतं. मुलीला मुलाचं नाव दिलं तर ती धीट वाटते. मुलाला मुलीचं दिलं तर त्याला शाळेत चिडवतील, ही धास्ती असते. ज्या बाजूला कमी लेखलं जातं, तिकडे झुकलेलं नाव दुसरी बाजू टाकून देते. नावं दुर्मीळ होतात ती अशी, शब्द संपले म्हणून नव्हे.

मराठीत तर या धास्तीला व्यवहाराचं कारणही नाही. आपलं क्रियापद नावाची वाट पाहत नाही. ‘शिरीष आला’, ‘शिरीष आली’, ‘मी निघालो’, ‘मी निघाले’, समोरच्यालासुद्धा ‘आलास?’ आणि ‘आलीस?’ एवढ्यातच सगळं उघड होतं. बंगाली क्रियापदाला लिंग नाही, तिथे नावावर थोडा भार पडला तर समजू शकतं. मराठीत नावाला हे काम करण्याची गरजच नाही. शिखांनी ते काम नावावरून काढून घेतलं आहे. हरप्रीत, मनजीत, गुरमीत ही नावं मुलाचीही आणि मुलीचीही; फरक पुढच्या ‘सिंग’ आणि ‘कौर’ने कळतो. नांदेडच्या गुरुद्वाराच्या परिसरात राहणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटत नाही.

आपली अडचण होते ती कागदावर. हजेरीपट, गुणवत्ता यादी, मतदार यादी, लग्नाच्या स्थळाची टिपणी, यांत क्रियापद नसतं. तिथे नाव एकटं पडतं आणि लोकांना ते पुरेसं बोलकं हवं असतं. गेल्या शतकात जगण्याचा मोठा भाग कागदावर आणि मग पडद्यावर गेला. तसतसं नावांनी स्वतःची ओळख स्वतःच सांगावी ही अपेक्षा वाढली असावी, असं मला वाटतं. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बाळांच्या शासकीय नोंदीत महाराष्ट्राने बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम लावला. उद्या कुठल्या दाखल्यावर ‘ओवी किरण सुहास जोशी’ असं आलं, तर आई कोण हे नावांवरून कळणार नाही, क्रमावरून कळेल. तेवढ्याने दाखल्याचं काही अडत नाही.

अडतं ते सरकारच ठरवू लागलं तर. आइसलँडमध्ये १९९१ च्या कायद्याने नावांची समिती नेमली. ‘ब्लाइर’, म्हणजे मंद झुळूक, हा त्या भाषेत पुल्लिंगी शब्द, म्हणून एका मुलीला तो नाकारला गेला आणि सरकारदरबारी तिची नोंद वर्षानुवर्षं नुसती ‘मुलगी’ अशी राहिली. नोबेल-विजेते हाल्डोर लाक्सनेस यांच्या १९५७ च्या कादंबरीत याच नावाची स्त्री होती. २०१३ साली न्यायालयाने निकाल मुलीच्या बाजूने दिला आणि २०१९ च्या कायद्याने नावांवरचं लिंगाचं बंधनच गेलं. आपल्याकडे असं बंधन कधी नव्हतं. अत्र्यांना कुणाची परवानगी मागावी लागली नाही. आपल्या बारशात सरकार नसतं, आत्या असते.

म्हणूनच हल्लीच्या आईबापांची ‘मुलगा-मुलगी दोघांना चालेल असं नाव हवं’ ही हौस मला आवडते, पण ती मी अर्धीच मानतो. मुलीला मुलाचं नाव देणं त्यातल्या त्यात सोपं आहे. खरी कसोटी उलट्या बाजूची आहे. शेजारच्या मुलीचं नाव आपल्या मुलाला ठेवायला किती बाप तयार होतील? कालिदासाने लहान राजाला पार्वतीची उपमा देताना ती उतरलेली मानली नाही. तेवढी निश्चिंती आपल्याला आली, तर नावांची वेगळी यादी करावी लागणार नाही. आहेत तीच दोघांना पुरतील.