देठ कधी तोडावा

ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास थिओफ्रास्टस या ग्रीक विद्वानाने वनस्पतींच्या अवयवांची नावे नीट लावायला घेतली, तेव्हा देठाची व्याख्या त्याने एका वाक्यात उरकली: पान आणि फळ ज्याने झाडाला जोडलेले असते, तो देठ. व्याख्या चूक नाही, पण तिच्यात देठाचे स्वतःचे असे काहीच नाही. एका बाजूला झाड, दुसऱ्या बाजूला फळ आणि मध्ये जे उरले ते देठ. पुढे कित्येक शतके वनस्पतिशास्त्राने आणि शरीरशास्त्रानेही या मधल्या तुकड्याकडे असेच पाहिले. त्याला स्वतःचे काम आहे हे माणसाला फार उशिरा उमगले आणि माझ्या मते ते उमगले एका व्यवहारी प्रश्नामुळे: हा देठ तोडायचा केव्हा?

लिनियसने १७५१ मध्ये पहिली मोठी वाटणी केली. पानाला धरतो तो देठ वेगळा आणि फुला-फळाला धरतो तो वेगळा, असे त्याने ठरवले. निकष तोच जुना, म्हणजे देठ काय उचलतो एवढाच. तरी वाटणी अचूक निघाली आणि तिचे कारण खोलात होते. पानाचा देठ हा पानाचाच भाग असतो, फुलाचा देठ मात्र खोडाची फांदी असते. जास्वंदीची डहाळी हातात घेतली की हे दिसते. खाली पानाचा देठ आणि त्याच्या बेचक्यातून वर निघालेला फुलाचा देठ. फुलाचा देठ नीट पाहिला तर त्यावर एक सांधा दिसतो, कोमेजलेले फूल तिथूनच निखळते. भिंगाखाली काप धरला तर बहुतेक पानांच्या देठात वाहिन्यांचे ठिपके वर उघडणाऱ्या कमानीत मांडलेले असतात, तर फुलाच्या देठात खोडासारखे कड्यात.

देठ केवळ आधार नसतो, याची साक्ष कोकण-गोव्यात उघड्यावर टांगलेली असते. काजूचे खरे फळ म्हणजे टोकाला लोंबणारी बी. ज्याला आपण बोंडू म्हणतो, ज्याच्या रसाची गोव्यात फेणी होते, तो फुगलेला देठ आहे. भुईमुगाची गोष्ट याहून विलक्षण. फूल सुकले की अंडाशयाच्या बुडाशी देठासारखा भाग वाढू लागतो, जमिनीकडे वळतो आणि टोकावर अंडाशय घेऊन मातीत शिरतो. शेतकरी म्हणतो, आऱ्या सुटल्या. आरी मातीत शिरली नाही तर शेंग धरत नाही.

मेंदूच्या भागांनाही 'देठ' हा शब्द मिळाला, तो दिसण्यावरून. पूर्वी मेंदू वरून खाली थराथराने कापत जाण्याची रीत होती. इटलीतल्या व्हारोलिओने तो कवटीतून सबंध बाहेर काढला आणि तळाकडून पाहिला. त्याचे वर्णन १५७३ मध्ये छापले गेले. तळाकडून पाहिले की मोठ्या मेंदूला पेलणारे दोन जाड खांब आणि लहान मेंदूला धरणारे देठ नजरेत भरतात. पुढे त्यांना वृंत, म्हणजे देठच, म्हटले गेले. हे खांब म्हणजे तंतूंची वाट आहे हे रोग्यांनी शिकवले. १८६३ मध्ये हर्मन वेबरने अशा एका वृंताच्या इजेचे वर्णन केले: ज्या बाजूला इजा, त्याच बाजूची पापणी पडते आणि हातपाय लुळे पडतात ते मात्र उलट बाजूचे. डोळा हलवणारी नस त्या वृंताला लागूनच बाहेर पडते आणि हातपायांचे तंतू त्याच्या खूप खाली जाऊन बाजू बदलतात. बोटाच्या पेराहून लहान जागेत एवढे सगळे सामावलेले असते.

पण देठाचा खरा धडा शल्यविद्येने शिकवला आणि त्यातला महत्त्वाचा पाठ पुण्याजवळ गिरवला गेला.

सुश्रुतसंहितेत तुटलेल्या नाकाच्या दुरुस्तीची कृती आहे. झाडाचे पान नाकाच्या मापाचे घ्यायचे आणि त्या मापाने गालाच्या बाजूची त्वचा कापून नाकावर बसवायची. ही विद्या ग्रंथांबाहेर, हातांतून हातांत, चालत राहिली असावी. कारण १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये कावसजी नावाच्या मराठी बैलगाडीवानाची हकिकत छापून आली. तो इंग्रजी फौजेबरोबर होता, १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या समाजातल्या एका माणसाने त्याला नवे नाक दिले.

त्या हकिकतीतला तपशील मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करायचा, सपाट करून कपाळावर ठेवायचा, कडेने रेघ ओढायची आणि तेवढी कातडी सोडवायची. मात्र दोन डोळ्यांच्या मध्ये एक लहान पट्टी तशीच जोडलेली राखायची. मग कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवायची. वर कापडाच्या पट्ट्यांवर कात लावून बांधायचे, काही दिवसांनी तूप लावलेल्या पट्ट्या. जोडलेली पट्टी रक्त खेळते ठेवते, हे त्या वृत्तान्तात स्पष्ट लिहिले आहे. आणि सुमारे २५ व्या दिवशी ती पट्टी कापायची.

हा २५ चा आकडा मला या सगळ्या विद्येचा गाभा वाटतो. पट्टी आधी कापली तर नाक काळे पडून गळणार, कारण खालच्या जखमेतून नव्या रक्तवाहिन्या त्यात शिरलेल्या नसतात. त्या विटा घडवणाऱ्या माणसाजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता, तरी देठाची गरज केव्हा संपते हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याचे नाव त्या वृत्तान्तात नाही, याची खंत वाटते. ही पद्धत वाचून जोसेफ कार्प्यूने १८१४ मध्ये लंडनमध्ये शस्त्रक्रिया केली, आणि युरोपात तिला 'भारतीय पद्धत' हेच नाव पडले.

पहिल्या महायुद्धात चेहरे उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांवर उपचार करताना हॅरॉल्ड गिलीजने १९१७ मध्ये त्वचेच्या पट्टीच्या कडा एकमेकींना शिवून तिची नळी केली. आतली बाजू उघडी राहीना, त्यामुळे जंतुसंसर्ग कमी झाला. ओडेसात फिलातोव्हला हेच स्वतंत्रपणे सुचले होते. नळीचे एक टोक टप्प्याटप्प्याने हलवत दूरची त्वचा चेहऱ्यापर्यंत आणता येई. दर टप्प्याला काही आठवडे थांबायचे, कापण्याआधी देठ दाबून धरायचा आणि पलीकडच्या त्वचेचा रंग टिकतो का ते पाहायचे. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टेलर आणि डॅनियल यांनी त्वचा देठासकट कापून शरीराच्या दुसऱ्या भागातल्या बारीक धमनी-शिरेला सूक्ष्मदर्शकाखाली जोडली. देठ म्हणजे अखेर एक धमनी आणि एक शीर, एवढे नेमके कळल्यावर आठवड्यांची वाट पाहणे संपले.

झाड देठ तोडण्याचे काम आपणहून करते. ह्यूगो फॉन मोल याने १८६० मध्ये पानगळीच्या वेळी देठाच्या बुडाशी बनणाऱ्या विलगतेच्या थराचे वर्णन केले. पान वाऱ्याने तुटत नाही. तिथल्या पेशींना चिकटवणारे द्रव्य आधी विरघळते, खाली बुचासारखा थर तयार होऊन जखम बंद होते, आणि मग पान सुटते. १९३० च्या दशकात कोलियस या शोभेच्या झाडावर साधे प्रयोग झाले. पानाचे पाते कापून नुसता देठ ठेवला तर तो थोड्याच दिवसांत गळून पडतो. कापलेल्या टोकाला ऑक्झिन हे वनस्पतींचे संप्रेरक लावले तर तो टिकून राहतो. म्हणजे देठ टिकतो तो पात्याकडून सतत येणाऱ्या निरोपावर. निरोप मंदावला की इथिलीन या वायूचा प्रभाव वाढतो आणि सुटण्याची तयारी सुरू होते.

या तयारीत माणसाने ढवळाढवळ केली आणि शेती उभी राहिली. रानभाताचा दाणा पिकला की देठातल्या अशाच थराशी तुटून चिखलात पडतो. ज्या लोंब्यांवर दाणे टिकून राहिले त्यांचेच बी पिढ्यान्‌पिढ्या पुढे पेरले गेले. दाणे टिकण्यामागची काही जनुके २००६ मध्ये सापडली. आंब्याचे उलटे आहे. पाडाला आलेला आंबा आपणहून सुटतो, पण आढीसाठी उतरवायचा हापूस त्याआधीच काढावा लागतो. म्हणून तो देठासह उतरवतात. देठ मुळातून उपटला तर चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि फळ तिथून नासू लागते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'नूतन झेला', म्हणजे आंबा देठासह उतरवण्याचे साधन, याच गरजेतून आला.

आणि माणसाचा स्वतःचा देठ? जीव तोडून ओरडणाऱ्याला आपण 'बेंबीच्या देठापासून' ओरडतो म्हणतो, तो देठ म्हणजे नाळ. बाळ बाहेर येताच ती चिमट्याने बंद करून कापायची, ही घाई विसाव्या शतकातल्या प्रसूतिगृहांत रुजली. एरॅस्मस डार्विन या इंग्रज डॉक्टरने त्याच्या कितीतरी आधी, १९ व्या शतकाच्या उंबरठ्यावरच, ही घाई बाळाला अपायकारक असल्याचे लिहून ठेवले होते. जन्मानंतरही काही मिनिटे वारेतले रक्त नाळेतून बाळाकडे येत राहते, आणि त्यातले लोह पुढचे काही महिने बाळाच्या कामी येते. जागतिक आरोग्य संघटना आज किमान एक मिनिट थांबायला सांगते. आपल्याकडे या लोहाची गरज मोठी आहे: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७ टक्के भारतीय मुले रक्तक्षयी आढळली. २०१८ च्या 'ॲनिमियामुक्त भारत' कार्यक्रमाने तर नाळ कापायला किमान तीन मिनिटांचा अवधी सांगितला आहे. या उपायाला औषध लागत नाही, खर्च लागत नाही. बाळाला तातडीच्या उपचारांची गरज नसेल, तर प्रसूतीच्या खोलीतल्या हातांनी तेवढा वेळ चिमटा बाजूला ठेवायचा आहे.