वलियुरुत्ति

दारासुरमला ऐरावतेश्वराच्या देवळाकडे जाताना भिंतीवरच्या पत्रकात ‘वलियुरुत्ति’ हा शब्द दिसला. ‘दबाव आणून’ असं लिहावं? पण ‘वलि’ म्हणजे बळ, आणि वेदनाही. आपल्या ‘दबावा’त वेदना समोरच्याची असते.

या कावेरीकाठी मिथेन-हायड्रोकार्बनच्या विहिरींविरुद्ध शेतकरी वर्षानुवर्षं उभे राहिले. फेब्रुवारी 2020 मध्ये विधानसभेनं संरक्षित कृषिक्षेत्राचा कायदा केला. नव्या विहिरी अडल्या. आधीपासून चालू होत्या त्या राहिल्या.

मत दिलं म्हणजे पाच वर्षांचं मुखत्यारपत्र दिलं का? तसं असतं तर पेण तालुक्यातल्या 22 गावांनी 21 सप्टेंबर 2008 रोजी ‘सेझ’वर वेगळं मतदान कशाला केलं असतं? निवडणुकीत जमिनीचा प्रश्न असा सुटा विचारलाच जात नाही. शिवाय उद्योगपतीही आमदाराला गाठतोच, फक्त बंद खोलीत. शेतकऱ्याला त्यासाठी दिवस बुडवून उन्हात बसावं लागतं. अर्थात वेदना खरी म्हणून मागणी न्याय्य ठरत नाही. आमदारानं ती तपासायलाच हवी. पण त्याआधी ती त्याच्या दारात पोचायला हवी.

अनुवादात शेवटी मी ‘रेटा लावून’ लिहिलं. बळ आलं, वेदना राहूनच गेली.