ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याचे उपकार

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका खेड्यातील सायंप्रार्थना आटोपून आम्ही दुचाकीवरून हदगावास परत येत होतो. उमरखेडच्या रस्त्यावर, पैनगंगेचा पूल ओलांडून थोडे पुढे आलो असता, कापसाच्या शेतातून एक रानडुक्कर आडवे आले. त्यानंतर काय झाले ते आम्हांस सलग सांगता येत नाही. उजवा पाय गुडघ्याखाली मोडला होता व कपाळातून रक्त वाहत होते, हे मागाहून कळले. त्या वेळी एवढेच समजले की, कोणी तरी आपल्या खांद्यावरील गमछा आमच्या डोक्यास घट्ट बांधीत आहे आणि पुनःपुन्हा म्हणत आहे, "माउली, डोळे मिटू नका. माउली, बोलत राहा."

तो एका टेम्पोचा चालक होता. अर्धापूरकडील केळी भरून विदर्भात चालला होता. त्याने गाडी उलट फिरविली व आम्हांस हदगावच्या दवाखान्यात आणून पोहोचविले. पुढे आम्हांस नांदेडास नेण्यात आले. दुसऱ्या दिवशी नीट शुद्धीवर आल्यावर आम्ही त्याचे नाव विचारले, तेव्हा ते कोणासही ठाऊक नव्हते. नळावर हात धुऊन तो निघून गेला होता. केळी हा नाशवंत माल. त्यास उशीर झाला असला पाहिजे.

घरी आल्यावर दीड महिना खाटेवर गेला. त्या काळात मित्रांनी व शेजाऱ्यांनी जे केले ते येथे सगळे लिहू म्हटले तर हे पान पुरणार नाही. मंडळीतील बायांनी डब्याच्या पाळ्या लाविल्या. शेजारच्या मुसलमान कुटुंबातून रोज सकाळी दूध येत असे. न्हावी घरी येऊन दाढी करून जाई आणि पैसे घेत नसे. दुसऱ्या तालुक्यातील एक पाळकबंधू दर रविवारी एस. टी. ने येऊन उपासना चालवीत. आमच्या पत्नीने एक वही केली व तीत कोणी काय आणिले, कोणी किती रुपये उशाशी ठेविले, हे सर्व लिहून ठेविले. आपल्याकडे लग्नात आहेराची वही असते, तशीच ही. ज्याने आपल्या घरी पातळ दिले त्याच्या घरच्या कार्यात आपणही पातळ द्यावे, जमल्यास थोडे अधिकच द्यावे, अशी आपली रीत आहे. या रीतीस कित्येक उपदेशक देवघेवीचा व्यवहार म्हणून हसतात. आम्हांस ते पटत नाही. खेड्यातील पुष्कळशी माणुसकी या वहीच्या आधारावरच उभी आहे.

परंतु त्या वहीत टेम्पोवाल्यास कोठे लिहावे? नाव नाही, गाव नाही, त्याच्या घरच्या लग्नाचे आमंत्रण आम्हांस कधी येणार नाही. ज्याची फेड करिता येत नाही त्या उपकाराचे मनुष्याने करावे तरी काय? खाटेवर पडल्या पडल्या हा प्रश्न आम्हांस पायाच्या दुखण्याहून अधिक टोचू लागला.

आमच्यापाशी बसावयास येणाऱ्यांत औसा तालुक्याकडील एक वृद्ध गृहस्थ होते. हदगावात त्यांची लेक दिलेली आहे. १९९३ सालच्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्यांचे घर पडले व घरातील दोन माणसे गेली. गणेशविसर्जन करून लोक नुकतेच निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदांचा भार अंगावर येऊन लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसे मेली. देशाच्या सर्व भागांतून मदत आली, हे आपण जाणतोच. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली, ही एकच गोष्ट सांगितली तरी तिचा आवाका ध्यानी येईल. परंतु त्या वृद्धाने सांगितले ते निराळेच.

"पाळकसाहेब," ते म्हणाले, "आमच्या दारातून कुणी उपाशी गेलेलं नव्हतं. त्या दिवशी ट्रकवरून कुणीतरी भाकरीचं पुडकं पुढं केलं, तर माझा हात उचलंना. मेलेल्यांचं दुःख एकीकडं अन् ही लाज एकीकडं. कुठले तुम्ही, विचारावं म्हटलं, तर माणूस पुढच्या गावाला गेलेला."

"मग काय केलंत, काका?"

"खाल्लं. लेकरं होती."

वाचकहो, शोमरोन्याच्या दाखल्यावर आम्ही आजवर किती उपदेश केले असतील त्याची मोजदाद नाही. परंतु प्रत्येक वेळी आम्ही रस्त्यावर उभे राहूनच बोललो. याजक टाळून गेला, लेवी टाळून गेला, शोमरोनी थांबला. तर तू कोण होशील, असे श्रोत्यांस विचारले. जो रस्त्याच्या कडेला पडला होता त्याच्या जागी कधी गेलो नाही. आणि प्रभूने शास्त्र्यास शेवटी जो प्रश्न केला तो तर तेथूनच केलेला आहे! लुटारूंच्या हाती सापडलेल्या त्या मनुष्याचा शेजारी तिघांपैकी कोण ठरला, असे त्याने विचारले. म्हणजे शेजारी कोण, हे खाली पडलेल्याच्या जागेवरून पाहावयाचे आहे. यहुदी मनुष्यास शोमरोन्याचा हात नको असे. परंतु त्या घटकेस निवड त्याची नव्हती. त्याने आभार मानिले की नाही, हे दाखल्यात सांगितलेले नाही. तो अर्धमेला होता, आपल्यास कोणी उचलले हेही कदाचित त्यास कळले नसेल. आम्हांस उचलणाऱ्याने "माउली" म्हटले, त्यावरून तो वारकरी असावा. त्याने आम्हांस आमचा धर्म विचारिला नाही.

येथे एक गोष्ट कबूल करणे प्राप्त आहे. बारा वर्षांपूर्वी नांदेडच्या रस्त्याने जाताना आम्हांस एक उलटलेली दुचाकी व तिच्याशेजारी डोके धरून बसलेला एक तरुण दिसला होता. आम्ही वेग कमी केला, परंतु थांबलो नाही. मंडळी उपासनेसाठी खोळंबली होती, आणि पोलिसांचा जबाब, पंचनामा, कोर्टाच्या खेपा यांचे भयही होते. त्या दिवशी आम्ही कोणत्या वचनावर बोललो ते आठवत नाही. तो तरुण आठवतो.

आता ते भय उरू नये अशी तजवीज कायद्याने केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशा साहाय्यकर्त्यांच्या रक्षणाचे नियम देशभर बंधनकारक केले, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्भावनेने जखमीस उचलणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्यास आपले नाव सांगण्याचीही सक्ती नाही. इंग्रजी कायद्यात त्यास चांगला शोमरोनी असेच म्हटले आहे, हे आपल्या मंडळ्यांतील फार थोड्यांस ठाऊक असेल. २०२१ साली केंद्र शासनाने अशा मनुष्यास पाच हजार रुपये बक्षीस देण्याची योजनाही काढिली. शोमरोन्यानेही उतारशाळेच्या रक्षकास पैसे मोजून दिले होते, तेव्हा पैशाचे नाव निघाले म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु शासनाने बक्षीस दिले, एवढ्याने आम्ही ऋणमुक्त होत नाही.

खरे म्हणजे लवकर ऋणमुक्त व्हावे, ही आमची घाईच तपासून पाहण्यासारखी होती. टेम्पोवाल्याचा पत्ता मिळाला असता तर आम्ही त्यास नवे धोतर, नारळ व थोडे पैसे दिले असते आणि सुटलो असतो. पुन्हा देणाऱ्याच्या ओळीत जाऊन उभे राहिलो असतो. वीस वर्षे पाळकपण केलेल्या मनुष्यास घेणाऱ्याच्या ओळीत उभे राहणे फार जड जाते. त्या वृद्धाचा हात भाकरीपुढे अडला तो याच जागी. आपण एके दिवशी रस्त्यावर पडलो होतो व परक्याने उचलले म्हणून वाचलो, हे जो मान्य करितो, त्याचे आभार आम्ही खरे समजतो, मग त्यास फेड साधो वा न साधो.

रेव्हरंड ना. वा. टिळक राजनांदगावास चालले असता आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने त्यांस नवा करार दिला. त्याचे नाव विचारावयाचे राहून गेले. टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईस १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. त्या प्रवाशाच्या वेळापत्रकात तेवढे एक स्टेशन होऊन गेले होते.

आमच्या पत्नीने वहीच्या पहिल्या पानावर, सर्व नावांच्या वर, एक ओळ कोरी सोडिली आहे. गमछा तिने तीनदा धुतला. डाग गेला नाही, म्हणून तसाच घडी करून ठेविला आहे. आता कुबडी घेऊन आम्ही रस्त्यापर्यंत जातो. केळीचा टेम्पो दिसला की हात वर करितो. पुष्कळ चालक, गाडीत जागा मागतो आहे असे समजून, मान हलवितात. दोघातिघांनी भोंगा वाजविला.